मिस्त्रीचा कान आणि पट्ट्याची मुदत

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण व्हावा लागतो, आणि हे दोनास एक असे प्रमाण एका दात्यानेही ढळू न देण्याचे काम ज्या भागांकडे असते त्या सगळ्यांना मोटारदुरुस्तीच्या धंद्यात सरसकट ‘टायमिंग’ म्हणतात. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनची वरखाली होणारी हालचाल चक्राकार करून चाकांकडे पाठवणारा दांडा; कॅमशाफ्ट म्हणजे ठरावीक अंतरावर उंचवटे असलेला दांडा, जो फिरता फिरता हवा-इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले व्हॉल्व, नेमक्या क्षणी उघडतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. या दोन दांड्यांमधला दुवा कधी दातेरी चाकांचा, कधी साखळीचा, तर कधी रबरी पट्ट्याचा असतो. तो तुटला किंवा घसरला आणि पिस्टन वर येताना व्हॉल्व त्याच्या वाटेत उघडा सापडला, तर धातूवर धातू आदळून इंजिन आतून मोडते. असे इंजिन खोलून, मोजून, घासून पुन्हा उभे करण्याला महाराष्ट्रातील गॅरेजांत ‘इंजिन बांधणे’ म्हणतात.

या दुव्याचा इतिहास सहसा कारखान्याच्या बाजूने सांगितला जातो, आणि तसा सांगितला की तो अधिकाधिक हलक्या, स्वस्त आणि शांत भागांकडे झालेल्या वाटचालीसारखा दिसतो. गॅरेजच्या बाजूने पाहिले तर नेमकी या शांततेचीच किंमत मोजावी लागल्याचे आढळते. दातेरी चाके आणि साखळ्या झिजताना वाजतात, त्यामुळे त्यांच्या काळात बिघाडाची चाहूल घेणे हे कानाचे काम होते आणि ती विद्या मिस्त्रीच्या मालकीची होती. रबरी पट्टा मात्र तुटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मुकाट चालतो, म्हणून त्याचे आयुष्य कंपनीच्या पुस्तिकेत छापलेल्या किलोमीटरच्या आकड्यावरून मानून घ्यावे लागते. मुंबई-पुण्यातील दुरुस्तीच्या धंद्यात हा पालट १९८०च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या वीसएक वर्षांत घडला आणि त्याने इंजिनाबरोबर मिस्त्रीचा अधिकारही बदलला.

निकोलाउस ओटोने १८७६मध्ये फोर-स्ट्रोक इंजिन यशस्वी करून दाखवले तरी टायमिंगचा प्रश्न पुढे बराच काळ अर्धाच होता. सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत हवा-इंधन आत घेणारा व्हॉल्व हलक्या स्प्रिंगवर बसवलेला असे आणि पिस्टन खाली जाताना पडणाऱ्या ओढीने तो आपोआप उघडत असे, म्हणून कॅमची गरज फक्त धुराच्या व्हॉल्वला होती. इंजिनांचा वेग वाढत गेला तशी ही व्यवस्था अपुरी पडली आणि दोन्ही व्हॉल्व कॅमनेच उघडण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही दांडे जवळजवळ असल्याने त्यांच्यामध्ये दातेरी चाके बसवणे सर्वांत सोपे होते, पण पोलादावर पोलादाचे दाते कर्कश वाजत, आणि श्रीमंत गिऱ्हाइकाला तो आवाज नको होता. यावर दोन उपाय निघाले. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेला स्विस कारखानदार हॅन्स रेनॉल्ड याने कापडगिरण्यांच्या यंत्रांना साखळ्या पुरवता पुरवता १८८०मध्ये बुश-रोलर साखळी आणि १८९५मध्ये ‘सायलेंट चेन’ म्हणून ओळखली जाणारी दातेरी कड्यांची साखळी तयार केली होती. ती पुढे मोटारींच्या इंजिनांत आली. दुसरा उपाय असा की दोहोंपैकी एक चाक धातूऐवजी रेझिनमध्ये दाबलेल्या कापडाच्या थरांचे करायचे. असे ‘फायबर गिअर’ शेवरलेटच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात होते, आणि जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८पासून मुंबईत शिवडीला चालत असल्यामुळे या गाड्या इथल्या रस्त्यांना परक्या नव्हत्या. फायबरचे दाते झडले की गाडी जागीच उभी राही. मात्र त्या काळच्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांच्या वाटेत येत नसल्याने नवे चाक बसवून, खुणा जुळवून काम भागत असे.

ग्रामीण महाराष्ट्राने टायमिंग पाहिले ते मोटारीत नव्हे, तर विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनात. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने आणि १९४६मध्ये खडकीला सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने डिझेल इंजिने शेतापर्यंत पोचवली, आणि त्यांत कॅमशाफ्ट दातेरी चाकांवरच फिरत असे. अशा इंजिनाचे टायमिंग म्हणजे दोन चाकांवर ठोकलेल्या खुणा समोरासमोर आणणे, एवढेच. पाण्याच्या पाळीची घाई असलेल्या शेतकऱ्यालाही ते पाहून पाहून जमत असे.

मोटारदुरुस्तीचा खरा मोठा धंदा उभा राहिला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्यामागे यंत्रापेक्षा सरकारी धोरणाचा हात अधिक होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर ज्यांच्याकडे देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नव्हता अशा परदेशी जुळणी कंपन्यांना मुक्काम हलवावा लागला; जनरल मोटर्स आणि फोर्ड यांची इथली जुळणी थांबली, आणि प्रीमियरची फियाट व हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर या दोन गाड्यांवर देशाची पुढची तीन दशके निघाली. फियाट ११०० ही १९५४पासून कुर्ल्यात होऊ लागली; १९६४मध्ये तिचे डिलाइट हे रूप आले, १९७२मध्ये तिचे नाव प्रेसिडेंट आणि १९७४मध्ये पद्मिनी झाले. नावे बदलत गेली तरी बॉनेटखाली १,०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असलेले आणि साखळीच्या टायमिंगचे तेच इंजिन राहिले. नवी गाडी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्याशिवाय मिळत नसेल, तर असलेली गाडी मोडीत काढणे कोणालाही परवडत नाही. म्हणून एकच इंजिन अनेकदा बांधणे हा त्या अर्थव्यवस्थेचा नियमच झाला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत तो नियम सर्वांत कठोरपणे पाळला गेला, कारण तिथे गाडी दोन पाळ्यांत चाले आणि उभी राहिलेली गाडी म्हणजे बुडालेला दिवस असे.

पद्मिनीच्या इंजिनात टायमिंगची साखळी सहसा तुटत नसे, ती सैल पडत असे. साखळी ‘ताणली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण पोलादी कड्या ताणल्या जात नाहीत. कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचे बुश झिजून प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते, आणि अशा अनेक फटींची बेरीज होऊन साखळीची लांबी वाढते. लांबलेल्या साखळीमुळे कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या किंचित मागे राहतो, व्हॉल्व उशिरा उघडतात, आणि ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटरही कॅमशाफ्टवरूनच फिरत असल्याने तीही मागे सरकते. परिणामी गाडी चढावर दम टाकते, पेट्रोल जास्त पिते आणि सकाळी लवकर सुरू होत नाही. या सगळ्याच्या आधी आवाज येतो. गाडी उभी असताना इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड होणारी खडखड आणि ॲक्सिलरेटर सोडताच येणारी तिची उसळी ही साखळीची खूण. व्हॉल्व आणि रॉकर यांच्यातली फट वाढली की येणारी बारीक, एकसुरी टकटक ही टॅपिटची. आणि ओझे पडले की खालून येणारा जड ठोका बेअरिंगचा. चांगला मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून यांतला फरक सांगे. हे कसब कुठल्या अभ्यासक्रमातून आलेले नव्हते. १९५०पासून आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे शिक्षण मिळू लागले तरी बहुतेक गॅरेजांत पोरगा आधी पाने हातात द्यायला, मग भाग रॉकेलमध्ये धुवायला आणि मग केव्हातरी ऐकायला शिकत असे.

इंजिन बांधण्याचे काम गॅरेज एकट्याने करत नसे, आणि धंद्याच्या इतिहासात ही गोष्ट महत्त्वाची आहे. मिस्त्री इंजिन उतरवून खोलत असे, पण मोजमापाचे आणि कापण्या-घासण्याचे काम लेथवाल्याकडे जाई. सिलिंडर झिजून लंबगोल झाला असेल तर तो मोठ्या मापाला ‘बोअर’ करून त्यात त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा बसवायच्या; बोअर करायला जाडीच उरली नसेल तर ‘स्लीव्ह’ म्हणजे नवी नळी ठोकून मूळ मापावर यायचे; क्रँकशाफ्टचे घासलेले भाग ग्राइंडिंग करून १०, २० किंवा ३० थाऊने बारीक करायचे आणि तितकीच जाड बेअरिंगे वापरायची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माप मेट्रिक झाले तरी लेथवाल्यांच्या तोंडातून तो गेला नाही. सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून नवे आणि कुर्ल्याच्या किंवा चोर बाजाराच्या गल्ल्यांतून जुने मिळत. नुसता वरचा भाग उघडला तर ‘हेडचे काम’, पिस्टन-रिंगपर्यंत गेले तर ‘हाफ इंजिन’ आणि क्रँकपर्यंत खोलले तर ‘फुल इंजिन’ अशी कामाची प्रतवारी होती, आणि मालकाशी होणारी घासाघीस याच तीन शब्दांत चाले. टायमिंगच्या साखळीचा भाव या हिशेबात इतका किरकोळ होता की इंजिन खोललेच आहे तर ती बदलून टाकली जाई.

याच काळात परदेशात टायमिंगचे साहित्य पूर्णपणे बदलत होते. दातेरी रबरी पट्टा मूळचा मोटारीचा नाही. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स रबर कंपनीत १९४०च्या दशकात रिचर्ड केस याने तो शिवणयंत्रासाठी विकसित केला, कारण तिथेही वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ तंतोतंत जुळावी लागते. साध्या पट्ट्याप्रमाणे तो घर्षणावर अवलंबून नसतो. आतल्या बाजूचे दाते चाकाच्या खाचांत बसतात आणि रबरात गुंफलेल्या न ताणणाऱ्या दोऱ्या त्याची लांबी कायम राखतात. मोठ्या उत्पादनातील मोटारीत तो पहिल्यांदा आला १९६२मध्ये, गोगोमोबिल या चिमुकल्या गाडीसाठी प्रसिद्ध असलेल्या हान्स ग्लास या बव्हेरियन कंपनीच्या १००४ या गाडीत. १९६६मध्ये अमेरिकेत पॉन्टियाकने सहा सिलिंडरच्या इंजिनाला आणि इटलीत फियाटने १२४ स्पोर्टच्या दुहेरी कॅमशाफ्टच्या इंजिनाला काचतंतूंच्या दोऱ्यांचा पट्टा बसवला, आणि १९७०च्या दशकात तो युरोप-जपानच्या छोट्या गाड्यांत सर्वत्र पसरला. त्याचे कारण कॅमशाफ्टच्या जागेत होते. व्हॉल्व अधिक वेगाने आणि नेमके उघडावेत म्हणून कॅमशाफ्ट ब्लॉकमधून उचलून हेडवर नेला गेला. त्यामुळे दोन दांड्यांतले अंतर वाढले, आणि त्या अंतराला लांब साखळी, तिचे मार्गदर्शक, ताण देणारे भाग आणि तेल हे सगळे पुरवण्यापेक्षा कोरडा, हलका, प्लास्टिकच्या झाकणाखाली गुपचूप फिरणारा पट्टा कारखान्याला कितीतरी स्वस्त पडला. जो खर्च कारखान्याने वाचवला तो ठरावीक मुदतीने पट्टा बदलण्याच्या रूपाने मालकाच्या माथी गेला, हे मात्र जाहिरातींत कोठे आले नाही.

भारतात हा पट्टा घरोघरी नेला तो मारुती ८००ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. या गाडीचे ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे सुझुकी इंजिन हेडवरच्या एकाच कॅमशाफ्टचे आणि पट्ट्याच्या टायमिंगचे होते. फियाटवर हात बसलेल्या मिस्त्रीला त्यात ऐकण्यासारखे काही उरले नाही. पट्टा कडक झाला, दात्यांच्या मुळाशी चिरला, शेजारच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून फुगला, तरी इंजिनाचा आवाज तोच राहतो. झाकण काढून डोळ्यांनी पाहिले तरी आतल्या तंतूंची अवस्था कळत नाही. उरतो तो फक्त आकडा, आणि आकड्यावर विश्वास ठेवायला मीटर खरे असावे लागते. जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवण्याची चाल असताना दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने किती किलोमीटर मोजायचे, याला पुस्तिकेत उत्तर नव्हते. अनुभवी मिस्त्रींनी यातून स्वतःचा नियम काढला तो असा, की जुनी गाडी घेतली की आधी पट्टा बदलायचा, मग बाकीचे बोलायचे.

डिझेलमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तिथे ठिणगी नसते आणि हवा दाबून तापवूनच इंधन पेटवायचे असते. १९९८च्या डिसेंबरात आलेली टाटा इंडिका ही महाराष्ट्राच्या दृष्टीने या बाबतीतली महत्त्वाची गाडी, कारण ती पिंपरी-चिंचवडमध्ये बनली आणि खेडोपाडी भाड्याच्या गाडीच्या रूपाने धावली. तिच्या पट्ट्याच्या टायमिंगच्या १.४ लिटर डिझेल इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम जागा उरते. त्यामुळे पट्टा तुटला की व्हॉल्व वाकणे हा अपवाद नसून नियम ठरतो. धंद्यात नव्याने रुळलेले एक काम, म्हणजे पट्टा तुटल्यानंतरचे हेडचे काम, या पिढीच्या गाड्यांनी मिळवून दिले.

ते काम कसे चालते हे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात जुन्या विद्येचा बराच भाग टिकून आहे. पट्टा तुटलेली गाडी सेल्फ मारून पाहायची नसते. प्रत्येक प्रयत्नात आणखी व्हॉल्व वाकण्याची भीती असते, आणि मालकाने गॅरेजात येण्याआधी नेमके तेच केलेले असते. इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि सलग फिरते, दाब धरत नाही, हीच पहिली खूण. हेड उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे ठसे दिसतात. ठसा उथळ असेल तर पिस्टन तसाच चालतो, पण तडा असेल किंवा कनेक्टिंग रॉड वाकल्याचा संशय असेल तर काम हेडवर थांबत नाही. हेड उलटे ठेवून व्हॉल्वच्या खोबणीत रॉकेल ओतले की वाकलेल्या व्हॉल्वच्या कडेने ते झिरपते, आणि ही साधी चाचणी महागड्या उपकरणाइतकीच खात्रीची आहे. वाकलेले व्हॉल्व सरळ करून वापरणे हा खोटा काटकसरीपणा, कारण एकदा वाकलेली दांडी पुढे मानेत तुटते आणि मग तुटलेले डोके सिलिंडरमध्ये पडून सगळेच संपते. नवे व्हॉल्व आणि ज्यांच्यातून ते सरकतात ती गाइडे बसवून, सीट कापून, कार्बोरंडमच्या पेस्टने व्हॉल्व सीटवर घासून बसवतात. हेडची सपाटी फटीच्या पट्टीने तपासून गरज असेल तर ‘फेस मारतात’, मात्र डिझेलमध्ये यावर मर्यादा असते, कारण हेडचा प्रत्येक काढलेला थर पिस्टनला व्हॉल्वच्या आणखी जवळ आणतो. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने कसायचे. पट्ट्याबरोबर ताण देणारी पुली बदलायची, आणि ज्या इंजिनात पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो तिथे पंपही. शेवटी खुणा जुळवून, चावी लावण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा: कुठे अडला नाही आणि खुणा पुन्हा समोरासमोर आल्या, तरच इंजिन सुरू करायचे. हे दोन फेरे टाळणाऱ्या गॅरेजांना तेच काम फुकटात दुसऱ्यांदा करावे लागते.

एकविसाव्या शतकात साखळी परत आली. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेले फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल असो की मारुतीने २००८मध्ये आणलेले के-सीरिज पेट्रोल, दोन्ही साखळीचीच. पण ही साखळी पद्मिनीतल्या आखूड साखळीसारखी नाही. ती लांब आहे, प्लास्टिकच्या मार्गदर्शकांवरून धावते, आणि तिचा ताण तेलाच्या दाबावर ठरतो, म्हणून तेल बदलायला केलेली चालढकल आता टायमिंगवर येऊन पडते. बीएमडब्ल्यूने २००७मध्ये आणलेल्या एका डिझेल इंजिनात साखळी गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने ती बदलायला इंजिनच उतरवावे लागते. साखळी म्हणजे गाडीच्या आयुष्यभराची सोबत, या गृहीतकावरच अशी रचना करता येते. दुसरीकडे काही कारखान्यांनी पट्टाच तेलात बुडवला. फोर्डच्या २०१२च्या १.० लिटर इकोबूस्ट इंजिनातल्या अशा पट्ट्याचे रबर तेलाने झडून तेलपंपाच्या जाळीत अडकल्याच्या तक्रारी पुढे आल्या, आणि कंपनीने नंतरच्या आवृत्तीत मुख्य टायमिंग साखळीवर नेले. अमेरिकेतील व्ही-आठ इंजिनांत १९६०च्या दशकापासून आवाज कमी करण्यासाठी कॅमच्या चाकाला नायलॉनचे दाते बसवले जात. ते ठिसूळ होऊन झडत आणि तुकडे तेलाच्या त्याच जाळीत जाऊन बसत. पन्नास वर्षांच्या अंतराने तीच चूक त्याच हेतूने व्हावी, याचे आश्चर्य गॅरेजवाल्यांना वाटले नसावे.

पद्मिनी टॅक्सीला शेवटच्या काळात सीएनजीने निराळेच काम लावले: गॅस कोरडा जळत असल्याने व्हॉल्वच्या सीटा लवकर खचत आणि टायमिंगपेक्षा हेडच अधिक वेळा उतरवावे लागे. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात पद्मिनीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीच्या वयावरील २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. आजच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ओतलेल्या पातळ लायनरमुळे बोअर करायला फारशी जागा नसते आणि मोठ्या मापाचे पिस्टन कंपनी देतच नाही, त्यामुळे टायमिंग जाऊन इंजिन बसले की अपघातात मोडलेल्या गाडीचे अख्खे इंजिन आणून बसवणे मालकाला स्वस्त पडते. क्रँक ग्राइंडिंगची आणि बोअरिंगची यंत्रे त्यामुळे आता प्रामुख्याने ट्रक आणि ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनांवर चालतात, ज्यांतल्या अनेकांचे लायनर बदलता येतात आणि बहुतेकांचे टायमिंग अजून दातेरी चाकांचेच आहे.